मुद्दाम केलेला बिघाड

नातू इंजिनिअरिंगला बाहेरगावी गेला तेव्हा त्याच्या खोलीत तीन वस्तू मागे राहिल्या. एक गिटार, एक लहानसा ॲम्प्लिफायर आणि कंपासपेटीहून थोडी लहान पण चांगली जड अशी एक नारिंगी डबी. वर्षभर त्यांच्यावर धूळ साचली. मग एका दुपारी पुसता पुसता तारा छेडून पाहिल्या आणि तिथेच मी फसलो. सत्तरी ओलांडल्यावर गिटार शिकणं म्हणजे काय, हे ज्यांना जाणून घ्यायचं असेल त्यांनी डाव्या हाताच्या बोटांची टोकं रोज अर्धा तास बारीक तारेवर दाबून धरावीत. साधारण कल्पना येईल.

शेजारच्या इमारतीतला एक मुलगा दर रविवारी शिकवायला येतो. वय बावीस-तेवीस, पण शिकवताना माझ्यापेक्षा कडक. "आजोबा, अंगठा दांडीच्या मागे. बोट फ्रेटच्या अगदी जवळ ठेवा, नाहीतर तार खरखरते." माझी तार खरखरतेच. तीन महिने झाले, अजून खरखरते.

एका रविवारी त्याने ती नारिंगी डबी मध्ये जोडली आणि पायाने तिच्यावरची पट्टी दाबली. आतापर्यंत स्वच्छ येणारा सूर एकदम जाड, दातेरी, करवतीसारखा झाला. मी दचकून विचारलं, "काय रे, बिघडलं काही?"

"नाही आजोबा, हे मुद्दाम असतं."

मुद्दाम. हाच शब्द याच प्रसंगी मी एकदा ऐकला होता. १९७९ सालचा जानेवारी होता, शाळेच्या स्नेहसंमेलनाची तालीम चालू होती आणि कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे होती. दहावीतला एक मुलगा कुठूनशी जुनी गिटार मिळवून आला होता. आमच्या गावात गिटार ऐकायला मिळायची ती सिनेमातच. 'हरे रामा हरे कृष्णा' १९७१ साली आला आणि 'दम मारो दम'च्या सुरुवातीला भूपिंदर सिंग यांनी वाजवलेल्या गिटारने पोरांना वेड लावलं. या मुलाने काकांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आणला होता. त्या रेडिओंना मागे ग्रामोफोन जोडण्यासाठी दोन भोकं असत. त्यांत त्याने गिटारची वायर खोचली होती. आवाज आला तो असाच, करवतीसारखा.

मी म्हणालो, "अरे, रेडिओ बिघडलाय तुझा."

"बिघडला नाही सर, मुद्दाम केलंय तसं."

"बिघाड काय कोणी मुद्दाम करतं?" असं म्हणून मी प्लग ओढला. मुलं हसली. तो रेडिओचं बटण मागेपुढे फिरवून काहीतरी दाखवू पाहत होता, पण मला पुढची तालीम घ्यायची होती. कार्यक्रमाच्या यादीतली त्याची ओळ मी लाल शाईने खोडली आणि तिथे एक भावगीत घातलं.

हे मी चाळीसेक वर्षं साफ विसरलो होतो. त्या रविवारनंतर मात्र डोक्यातून जाईना. जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे एखादी गोष्ट छळू लागली की तिचा इतिहास शोधायचा एवढंच मला येतं. म्हणून या 'मुद्दाम'चा इतिहास वाचायला घेतला. त्यातून जे हाती लागलं ते असं की गिटारमध्ये एक नव्हे, दोन बिघाड आहेत. एक सोळाव्या शतकातला, मोजूनमापून केलेला. दुसरा विसाव्या शतकातला, अपघाताने झालेला. आणि आज पोरं जे वाजवतात त्यात हे दोन्ही एकमेकांना भेटतात.

पहिल्या बिघाडापासून सुरुवात करू.

गिटारच्या दांडीवर ज्या आडव्या धातूच्या पट्ट्या असतात त्या फ्रेट. सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारचे फ्रेट कायमचे ठोकलेले. आणि एकच फ्रेट सहाही तारांखालून सरळ जातो. अडचण इथेच सुरू होते. समजा एका तारेवर अगदी शुद्ध गांधार मिळेल अशा जागी मी फ्रेट ठोकला. त्याच फ्रेटवर शेजारच्या तारेचा जो स्वर येतो तो दुसऱ्याच कामाचा असतो, त्याची शुद्ध जागा किंचित पुढे किंवा मागे असते. एकाला न्याय द्यावा तर दुसऱ्यावर अन्याय.

गिटारच्या आधी युरोपात ल्यूट नावाचं वाद्य होतं, त्यालाही हीच अडचण. फ्लॉरेन्समध्ये एक ल्यूटवादक होता, विन्चेन्झो गॅलिली. दुर्बिणीवाल्या गॅलिलिओचे हे वडील. त्यांचे गुरू झार्लिनो हे त्या काळातले संगीतशास्त्राचे मोठे पंडित. १५५८ सालच्या त्यांच्या ग्रंथाचा आग्रह असा की स्वरांची नाती साध्या पूर्णांकांत असली पाहिजेत. सा आणि प यांचं नातं २ ला ३, सा आणि ग यांचं ४ ला ५. ऐकायला गोड, कागदावर सुंदर. पण शिष्य हातात वाद्य घेऊन बसलेला. त्याने १५८१ साली पुस्तक लिहून गुरूला जाहीर विरोध केला आणि ल्यूटवाल्यांसाठी एक सोपा हिशेब सांगितला. तारेच्या लांबीचा अठरावा भाग सोडा, तिथे पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीचा पुन्हा अठरावा भाग सोडा, तिथे दुसरा. असंच पुढे. म्हणजे सगळी अंतरं एकाच प्रमाणात, कोणालाही झुकतं माप नाही. गुरूंनी १५८८ साली नवा ग्रंथ लिहून उत्तर दिलं, पण वाद्यं बनवणारे पुढची कित्येक शतकं अठराव्याचाच नियम वापरत राहिले.

मी वही घेऊन हा हिशेब करून पाहिला. ६५० मिलिमीटर लांबीची तार धरली तर बाराव्या फ्रेटवर, म्हणजे वरच्या सा वर, तार बरोबर निम्मी व्हायला हवी, ३२५ मिलिमीटरवर. अठराव्याच्या नियमाने बारावा फ्रेट साधारण ३२२.६ वर येतो. चूक जेमतेम अडीच मिलिमीटर. शिवाय बोटाने दाबली की तार थोडी ताणली जाऊन सूर किंचित चढतो, त्यामुळे ही तूट बरीचशी भरून निघते. आज अठराच्या जागी १७.८१७ हा आकडा वापरतात, पद्धत तीच.

या पद्धतीची किंमत मात्र सगळे स्वर मिळून भरतात. वरचा सा सोडला तर एकही स्वर पूर्ण शुद्ध राहत नाही. पंचमाचं नुकसान अगदी नगण्य. गांधार मात्र चांगलाच चढा लागतो. आपल्याकडे पेटीवर जो आक्षेप होता तो हाच. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती उठायला १९७१ साल उजाडावं लागलं. ज्यांना तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार ऐकायची सवय आहे त्यांना पेटीचा गांधार खुपतो, यात नवल नाही. तर गिटार हे जन्मतःच थोडं बेसूर वाद्य आहे, सर्वांच्या सोयीसाठी, ठरवून. हा पहिला बिघाड. तो तसाच बाजूला ठेवू, पुढे लागणार आहे.

दुसरा बिघाड समजायला आधी गिटारमध्ये वीज कशी आली ते पाहायला हवं. कारण अगदी साधं होतं, गिटार ऐकूच येत नव्हती. १९२०-३० च्या सुमारास अमेरिकेतल्या नाचाच्या बँडमध्ये ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ढोल यांच्या गर्दीत गिटारवाला बिचारा तासन्‌तास हात हलवायचा आणि पहिल्या रांगेलाही काही कळायचं नाही. लॉस एंजेलिसच्या जॉर्ज बोशॅम्पने यावर तोड काढली. लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे द्यायचे आणि ते गिटारच्या पोलादी तारांखाली ठेवायचं. तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत तिच्याच थरथरीसारखी विजेची लाट तयार होते. फॅरेडेने १८३१ साली शोधलेलं तत्त्व, दुसरं काही नाही. १९३२ साली ही गिटार बाजारात आली. तिच्या आकारावरून लोक तिला तळणीचा तवा म्हणत. ती मांडीवर आडवी ठेवून धातूच्या दांडीने वाजवायची हवाईयन गिटार होती. आपल्याकडे व्हॅन शिप्ले यांनी सिनेगीतांच्या रेकॉर्ड काढून जी घराघरांत पोचवली तिच्याच जातीची.

१९३९ साली चार्ली ख्रिश्चन नावाचा तरुण बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि गिटार ट्रम्पेटच्या खांद्याला खांदा लावून बोलू लागली. तो १९४२ साली गेला, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. पण गिटारला वीज हवी हे त्याने पक्कं करून ठेवलं.

या सगळ्यांना हवा होता मोठा आणि स्वच्छ आवाज. पण ॲम्प्लिफायरची एक मर्यादा असते. आवाजाची लाट ठरावीक उंचीपर्यंतच तो मोठी करू शकतो. त्याहून मोठी लाट पाठवली की तिचं डोकं छताला आपटतं आणि शेंडी सपाट होते. गोल शेंडीच्या लाटेत एकच सूर असतो. सपाट शेंडीच्या लाटेत त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे नवे सूर जन्माला येतात. कानाला तो आवाज जाड आणि फाटका लागतो. बनवणाऱ्यांच्या लेखी हा सरळ दोष होता.

आता हा दोष गुण कसा झाला ते पाहा. मार्च १९५१ मध्ये आईक टर्नरचा बँड मिसिसिपीतून मेम्फिसला रेकॉर्डिंगला निघाला होता. वाटेत गिटारवाला विली किझार्ट याच्या ॲम्पला इजा झाली. कोणी म्हणतं तो गाडीवरून पडला, कोणी म्हणतं पावसात भिजला. रेकॉर्डिंग करणारे सॅम फिलिप्स यांनी फाटलेल्या स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि तसंच रेकॉर्डिंग केलं. गाणं होतं 'रॉकेट ८८', ते प्रचंड चाललं. १९५८ साली लिंक रे याने पेन्सिलीने स्पीकरला भोकं पाडली आणि 'रंबल' वाजवलं. त्यात एकही शब्द नाही, तरी मुलं बिघडतील म्हणून अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी ते लावायचं नाकारलं. हे वाचून मला माझाच लाल पेन आठवला.

पण खरी गोष्ट नॅशव्हिलची. १९६१ साली मार्टी रॉबिन्सचं 'डोन्ट वरी' हे गाणं निघालं. गोड, संथ, सोज्वळ गाणं. मध्येच ग्रेडी मार्टिनची सहा तारांची बास गिटार येते आणि एखादा भुंगा डब्यात कोंडावा तशी गुरगुरते. स्टुडिओतल्या मिक्सिंग टेबलावरच्या एका कप्प्यातला ट्रान्सफॉर्मर नेमका तेव्हा खराब झाला होता. रेकॉर्डिंग पुन्हा करायचं की राहू द्यायचं यावर चर्चा झाली आणि राहू द्यायचं ठरलं. गाणं त्यांच्या यादीत दहा आठवडे पहिलं होतं.

तिथले ध्वनितंत्रज्ञ होते ग्लेन स्नॉडी. दुसरा कोणी असता तर त्याने गाणं संपल्यावर ट्रान्सफॉर्मर बदलला असता. स्नॉडींनी आधी तो आवाज नीट ऐकून घेतला. पण बिघडलेल्या भागाचा भरवसा काय? आज गुरगुरतो, उद्या पुरता मरतो. म्हणून त्यांनी रेव्हिस हॉब्स यांना बरोबर घेऊन ट्रान्झिस्टरचं एक लहान सर्किट बनवलं, ज्यातून तोच बिघाड हवा तेव्हा मिळेल आणि नको तेव्हा बंद करता येईल. गिब्सन कंपनीने १९६२ साली ते 'मायस्ट्रो फझ-टोन' नावाने बाजारात आणलं. पायाने दाबायचं बटण, आत जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर आणि दोन छोटे सेल. आमच्या नारिंगी डबीचा हा पणजोबा.

पुढची गंमत अशी की तो विकला गेला नाही. पहिल्या वर्षी पाच हजारांवर नग दुकानांत गेले आणि तिथेच पडून राहिले. पुढची दोन वर्षं कारखान्यातून माल जवळजवळ बाहेर पडला नाही. मला वाटतं, कारण जाहिरातीत होतं. या यंत्राने तुमची गिटार ट्रम्पेटसारखी, ट्यूबासारखी वाजेल असं कंपनी सांगत होती. लोकांनी ऐकलं आणि त्यांना काही ती ट्रम्पेटसारखी वाटेना. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये कीथ रिचर्ड्सने फझ वापरला, तोही खरं तर ट्रम्पेटच्या जागेसाठीच. त्याच्या मनात तिथे पितळी वाद्यांचा ताफा होता, फझ ही नुसती खूण. पण ते गाणं तसंच बाहेर पडलं, जगभर गाजलं आणि त्या वर्षाअखेर दुकानांतले पडून राहिलेले फझ संपले. लोकांनी तो आवाज प्रथमच कशाची नक्कल म्हणून न ऐकता तो जसा आहे तसा ऐकला. पायाने पुढेमागे करायचा वा-वा पेडलही असाच. १९६६ साली एका ऑर्गनच्या आवाजाच्या पेडलमध्ये नवं सर्किट घालून ब्रॅड प्लंकेटने तो बनवला आणि १९६७ साली तो एका ट्रम्पेटवाल्याच्या नावाने विकायला काढला गेला. तो खऱ्या अर्थाने गाजवला मात्र जिमी हेंड्रिक्ससारख्या गिटारवाल्यांनी.

आता दोन्ही बिघाड एकत्र आणू.

पेडल जोडल्यावर माझ्या गुरूने मला पहिली गोष्ट शिकवली ती अशी, "आजोबा, पेडल चालू असताना पूर्ण कॉर्ड नको. फक्त दोन बोटं. याला पॉवर कॉर्ड म्हणतात." साधा कॉर्ड म्हणजे सा, ग, प एकदम. पॉवर कॉर्डमध्ये फक्त सा आणि प, फार तर वरचा सा. ग काढून टाकायचा. का, असं विचारलं तर म्हणाला, "घाण वाजतं." मी वाजवून पाहिलं आणि खरंच घाण वाजलं, सगळा चिखल.

उत्तर वहीत सापडलं. समजा सा २०० कंपनांचा आहे. फझमधून तो गेला की त्याच्या पाचपट, म्हणजे १००० कंपनांचा सूर जोरात ऐकू येऊ लागतो. हा कोण? तर दोन सप्तकं वरचा गांधार, अगदी शुद्ध, तानपुऱ्यातला तोच स्वयंभू गांधार. आता गिटारच्या फ्रेटवरचा गांधार वाजवा. तो शुद्ध असता तर २५० कंपनांचा असता, पण गॅलिली काकांच्या हिशेबाने तो २५२ आहे. त्याची चौपट १००८. म्हणजे एकाच जागेसाठी दोन गांधार आले, १००० आणि १००८. ते एकमेकांवर आपटतात आणि सेकंदाला आठ हेलकावे देतात. स्वच्छ गिटारवर हे वरचे सूर मंद असतात म्हणून भांडण ऐकू येत नाही. फझ ते ओरडून सांगतो. पंचमाचं काय? शुद्ध पंचम ३०० चा, गिटारचा जवळजवळ २९९.७. साची तिप्पट ६००, पंचमाची दुप्पट ५९९.३. हेलकावा दीड सेकंदाला एक, म्हणजे नाहीच म्हणा. उलट ३०० मधून २०० गेले की १०० उरतात, हा खालच्या सप्तकातला सा. फाटका आवाज तो फुकटात देतो, म्हणून दोनच बोटांनी एवढा भारदस्त आवाज निघतो.

१९६४ साली लंडनमध्ये डेव्ह डेव्हिस नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या लहानशा ॲम्पच्या स्पीकरवर ब्लेड ओढलं आणि 'यू रिअली गॉट मी' वाजवलं, ते असेच सा-पचे तुकडे. त्याने वरचा हिशेब केला नसणार. त्याच्या कानाने केला. फ्लॉरेन्समध्ये १५८१ साली झालेल्या तडजोडीचं बिल लंडनमध्ये १९६४ साली आलं आणि एका पोराने गांधार सोडून देऊन ते भागवलं, असं मी इतिहासाचा मास्तर म्हणून म्हणेन.

हे सगळं फार परकं वाटत असेल तर आपला तानपुरा आठवा. स्वच्छ घासलेल्या घोडीवरून तार गेली तर आवाज अगदीच सपाट येतो. म्हणून कारागीर घोडीचा माथा अशा बेताने घासतो की तार तिला हलकेच चाटत राहील, आणि वाजवणारा खाली सुताचा दोरा सरकवत नेमकी जागा शोधतो. मग त्या झणझणाटातून वरचे सूर उमलतात. हीच जवारी. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा हा हात आहे. जवारीत विजेचा संबंध नाही आणि लाटेची शेंडीही कापली जात नाही, त्यामुळे दोन्ही एकच असं मी म्हणत नाही. पण तार मुद्दाम खरखरवायची आणि त्यातून सूर भरवायचा, ही कल्पना आपल्याला नवी नव्हती. मी तानपुरा ऐकत मोठा झालो होतो. तरी त्या मुलाला विचारलं, बिघाड काय कोणी मुद्दाम करतं?

असो. या वाचनातून एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली. चुकाही शिकवतात, चुकांना घाबरू नका वगैरे वाक्यं मी वर्गात पुष्कळ बोललो, पण ती अर्धवट होती. ट्रान्सफॉर्मर बिघडला तेव्हा ती चूकच होती. तो आवाज ठेवायचा असं ठरलं तेव्हा ती निवड झाली. आणि स्नॉडींच्या हातून हवा तेव्हा चालू, नको तेव्हा बंद करता येऊ लागला तेव्हा कुठे ते कौशल्य झालं. चूक आणि कौशल्य यांत आवाजाचा फरक नसतोच कधीकधी, फरक पुन्हा करून दाखवता येण्याचा असतो. आणि मास्तराने तपासायचं ते नेमकं हे.

तो मुलगा बटण मागेपुढे का फिरवत होता, हे मला आता कळतं. मागे फिरवलं की स्वच्छ, पुढे फिरवलं की फाटका. तो मला पुरावा देत होता. रेडिओ बिघडलेला असता तर मागे फिरवूनही आवाज फाटकाच आला असता. मी नुसतं दोन मिनिटं ऐकायला हवं होतं. आमच्या घरातली नारिंगी डबी ज्या जातीची, ते मॉडेल बॉस या जपानी कंपनीने १९७८ साली काढलं आणि ते अजूनही विकलं जातं. म्हणजे जी वस्तू जपानच्या दुकानात वर्षभर आधी आली होती, तिचं काम या पोराने आमच्या तालुक्याच्या गावात काकांच्या रेडिओवर करून दाखवलं होतं, आणि मी ते लाल शाईने खोडलं.

तो आता साठी ओलांडलेला असेल. गिटार पुढे वाजवली की नाही, ठाऊक नाही. प्लग ओढल्यावर त्याने काही वाद घातला नव्हता. वायर गुंडाळली, रेडिओ उचलला आणि गेला, एवढंच आठवतं. माफी मागायला त्याला शोधून काढावं, असं मनात येतं आणि मग त्याला ते आठवत तरी असेल का, असंही येतं. कदाचित त्याला आठवत असेल म्हणूनच पाऊल अडतं.

गेल्या रविवारी शिकवणी चालू असताना माझी तार पुन्हा खरखरली. पोरगं हसून म्हणालं, "काय आजोबा, मुद्दाम?"

म्हटलं, "नाही रे बाबा. ही चूकच आहे. मुद्दाम करता यायला अजून वेळ लागेल."